डब्याला लावलेलं कुंकू

जुलै महिन्यात मुली हॉस्टेलला आल्या की पहिला आठवडा माझ्या टेबलापुढे रांग लागलेली असते. गादी, बादली, कुलूप हे सगळं मागून. आधी नेट.

"मावशी, माझा फॉर्म आधी घ्या ना, आईला व्हिडिओ कॉल करायचाय."

"आईला सांग, मावशीनं अजून तरी खाल्लं नाही मला. उभी राहा रांगेत."

आमच्याकडे नियम असा की एका मुलीला दोनच यंत्रं नेटला जोडता येतात. एक मोबाईल, एक लॅपटॉप. प्रत्येक यंत्राचा एक बारा अक्षरी नंबर असतो, आकडे आणि इंग्रजी अक्षरं एकत्र कालवलेली. तो नंबर मुलीनं फॉर्मवर लिहायचा, मी तपासायचा, मग फॉर्म वर जातो आणि दुसऱ्या दिवशी त्या यंत्राला नेट मिळतं. एक अक्षर चुकलं तरी मिळत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मला कुणी शिकवली नाहीत, मी कासारवाडीच्या वर्कशॉपात बावीस वर्षं पार्ट तपासायचं काम केलं, त्यांवर कोरलेले नंबर वाचत वाचत ती डोळ्यांत बसली. त्यामुळे पोरींच्या फॉर्मवरचा आठ हा आठ आहे की बी, हे मला त्यांच्यापेक्षा लवकर कळतं. इंजिनिअर व्हायला आलेल्या मुली आणि त्यांना मी विचारते, "बाई गं, हे शून्य आहे का डी? ठरव काहीतरी एक." हसतात, पण नीट लिहितात मग.

वर्कशॉप बंद पडलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. मालक गेले, त्यांच्या मुलांनी जागा विकली. ओळखीच्या एका बाईनं सांगितलं, रावेतच्या पुढे, तळेगावच्या अंगाला नवी युनिव्हर्सिटी झालीये, मुलींच्या हॉस्टेलला मावशी हवीय. मला वाटलं झाडूपोछ्याचं काम असेल. गेले तर हातात चाव्यांचा जुडगा दिला. दीडशे खोल्यांच्या दीडशे जादा चाव्या. त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण मोठ्या झालो. आता तो जुडगा माझ्याकडे नाही. तेच सांगायला बसलेय.

कोपऱ्यातली मुलगी म्हणजे तिसऱ्या मजल्यावर अगदी शेवटच्या खोलीत राहणारी. मराठवाड्यातली, उंच, सावळी, हातात सतत काहीतरी उघडलेलं. कधी रेडिओ, कधी कुणाचा बंद पडलेला हेअर ड्रायर. खोलीत तिचं एक पत्र्याचं खोकं होतं, त्यात स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, शिसं वितळवून तारा जोडायची सळई आणि वायरींचे गुंडाळे. तिचे वडील गावाकडे विहिरीच्या मोटारी भरायचं काम करतात. जळलेल्या मोटारीची तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळायची. पोरीला हत्यारं हाताळायची सवय तिकडचीच. माझं आणि तिचं लगेच जमलं, कारण मलाही तेलकट हातांची माणसं आवडतात. ती माझ्याशी हत्यारांबद्दल बोलायची, मी तिला वर्कशॉपच्या गोष्टी सांगायचे.

तिच्या खोलीत हॉस्टेलचं वायफाय पोचत नव्हतं. भिंतीत नेटचा सॉकेट होता पण वायफाय नाही. म्हणून तिनं स्वतःचा एक छोटा राउटर आणला. पांढरा डबा, दोन शेपट्या, पाठीमागं पाच भोकं. असा डबा कुणी आणायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. पण ही पोरगी लपवाछपवी करणारी नव्हती. तिनं सरळ अर्ज केला. रेक्टर मॅडमनी दोन महिने तो दाबून ठेवला, मग एका कागदावर तिची सही घेऊन परवानगी दिली. कागदावर लिहिलं होतं, माझ्या यंत्रामुळे हॉस्टेलच्या नेटला त्रास झाल्यास जबाबदारी माझी राहील आणि मला खोली सोडावी लागेल. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

"मावशी, तुम्ही वाचून सही करायलात ना?" तिनं चिडवलं होतं.

"मी न वाचता लग्नसुद्धा केलं नाही," मी म्हटलं. खोटंच होतं ते, पण हसली.

त्या वर्षी तिला चाकणच्या एका कंपनीत सहा महिन्यांचं ट्रेनिंग लागलं होतं. सकाळी साडेसहाला हायवेवर कंपनीची बस यायची. हॉस्टेल होतं म्हणून ती इथं राहू शकत होती. वडिलांनी आधीच सांगून ठेवलेलं, हॉस्टेलात राहणार असशील तर शीक, भाड्याच्या खोलीत एकटीनं राहायचं नाही, तशी वेळ आली तर घरी यायचं. म्हणजे खोली गेली की ट्रेनिंग गेलं, आणि ट्रेनिंग गेलं की वर्ष. हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढे मी जे केलं ते हे ठाऊक असताना केलं.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला खंडेनवमी काय असते ते सांगावं लागत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पिंपरीपासून चाकणपर्यंत एकेक मशीन बंद होतं, पुसलं जातं, हार घातला जातो. वर्कशॉपात आमची रीत ठरलेली. आधी मेन स्विच बंद. मग मशीनला जोडलेलं सगळं सोडवायचं, पाइप, वायर, पट्टा, जे असेल ते. कापडानं तेल टिपायचं. फटीतला कीस ब्रशनं काढायचा. परत सगळं जोडायचं. हळद, कुंकू, झेंडू, नारळ. आणि शेवटी मशीन एकदा चालू करायचं. पूजा करून मशीन बंदच ठेवलं तर मालकांना चालायचं नाही. "एक फेरा फिरू दे," म्हणायचे. सगळी मशीनं एकदम घरघरली की आम्ही बायका टाळ्या वाजवायचो आणि मग पेढे.

हॉस्टेलला आल्यावर मीच ही पद्धत सुरू केली. ज्या मुली दसऱ्याला घरी जात नाहीत त्या खालच्या हॉलमध्ये लॅपटॉप आणून ठेवतात, कॅल्क्युलेटर, शिलाई मशीन, मेसचा मिक्सर, माझी कात्री. मुली आधी लाजतात, मग सगळ्यात जास्त फोटो त्याच काढतात.

त्या बुधवारी पूजा झाली. तबकात हळदकुंकू उरलं होतं, फुलं उरली होती. कोपऱ्यातली मुलगी सोमवारीच गावी गेली होती, तिच्या खोलीतली दुसरी मुलगीही. मला तिच्या पत्र्याच्या खोक्याची आठवण झाली. सगळ्या हॉस्टेलात खरी हत्यारं असलेली एकच खोली, आणि तीच पूजेवाचून राहणार? माझ्या जिवाला ते पटेना. रिकाम्या खोलीत एकटीनं जायचं नाही, हा माझ्यासाठीचा नियम. चावी फक्त आग, पाणी आणि आजारपण यांसाठी. मी तबक घेऊन जिने चढले आणि चावी लावली.

खोक्यातली पक्कड, ड्रायव्हर, सळई सगळं काढलं, पुसलं, ओळीनं मांडलं. फुलं वाहिली. मग टेबलावरचा पांढरा डबा दिसला. त्यावर बोटभर धूळ. म्हटलं हेही यंत्रच. हात आपोआप चालले हो. सगळं सोडवलं. भिंतीतून आलेली वायर काढली, करंटची पिन काढली, डबा पदरानं नाही, चांगल्या कोरड्या कापडानं पुसला. पाठीमागची भोकंसुद्धा काडीला कापूस लावून साफ केली. मग परत जोडायची वेळ आली. चार पिवळी भोकं आणि बाजूला एक निळं. वायर कुठून काढली होती? पाहिलंच नव्हतं. वर्कशॉपात एका आकाराच्या भोकात एकच गोष्ट जायची, चुकायची सोयच नव्हती. इथं पाचही सारखी. मला वाटलं, चार आहेत ती कामाची असणार, एकटं आहे ते जादाचं असेल. वायर पिवळ्यात घातली. खटकन बसली. बसली म्हणजे बरोबर असणार, असं वाटलं.

डब्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि रीतीप्रमाणे बटण दाबलं. एक फेरा फिरू दे. हिरवे दिवे लुकलुकायला लागले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. कुलूप लावलं आणि खाली येऊन उरलेले पेढे वाटले.

बटण परत बंद करायचं राहून गेलं.

संध्याकाळी मुली म्हणायला लागल्या, नेट गेलं. जातं कधीकधी. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी, कोण बघणार. पण शुक्रवारी सकाळी शेवटच्या वर्षाच्या मुलींची एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा होती. त्या मुली त्यासाठीच घरी गेल्या नव्हत्या. मोबाईलच्या नेटवर कशाबशा बसल्या. एकीची परीक्षा मध्येच बंद पडली. ती माझ्या टेबलाशी येऊन रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि म्हणत होते, "कुणाचं मेलं काय चुकलं कुणास ठाऊक." खरंच म्हणत होते. मला तोवर काही माहीत नव्हतं.

दुपारी नेटचा माणूस आला. बोलका होता. लॅपटॉप मांडीवर घेऊन माझ्याच खुर्चीवर बसला.

"मावशी, कुणीतरी स्वतःचा राउटर जोडलाय. तोही उलटा."

"उलटा म्हणजे?"

"असं बघा. मुली आल्या की खोली नंबर कोण देतं? तुम्ही. आता समजा तिसऱ्या मजल्यावर दुसरी एक मावशी टेबल टाकून बसली आणि येईल तिला खोटेच नंबर वाटायला लागली. काय होईल?"

"गोंधळ होईल."

"तोच झालाय. भिंतीची वायर निळ्या पोर्टात घालायची असते. तिथं असली की तो डबा आपल्या खोलीपुरतं वाटप करतो. पिवळ्यात घातली की अख्ख्या बिल्डिंगला वाटत सुटतो. मुलींची यंत्रं बिचारी त्याचं ऐकतात आणि नेट गायब. चला, परवानगी कुणाकुणाला आहे?"

परवानगी एकीलाच होती. मी त्याच्या मागून जिने चढत होते आणि मनात भोकं मोजत होते. पिवळं. चार पिवळी. रेक्टर मॅडमही सोबत होत्या. मॅडमच्या सांगण्यावरून मीच कुलूप उघडलं. डबा तसाच, दिवे लुकलुकत. त्यानं मागून पाहिलं, "हे बघा, पिवळ्यात," म्हणाला आणि वायर काढली. खालून दोन मिनिटांत मुलींचा ओरडा ऐकू आला, आलं, आलं.

"मावशी, हा डबा ऑफिसात ठेवा," मॅडम म्हणाल्या आणि दोघं बोलत बोलत पुढे गेले.

डबा माझ्या हातात. त्याच्या कपाळावर माझं बोट उमटलेलं, खाली हळद, वर कुंकू. बुधवारी लावलेलं. आणि पोरगी गेली होती सोमवारी. कुणीही शहाण्यानं ते कुंकू पाहून विचारलं असतं की ही खोलीत नसताना पूजा कुणी केली? दोघांनी घाईत पाहिलं नव्हतं. हत्यारं मी बुधवारीच परत खोक्यात ठेवली होती, फुलं खिडकीतल्या वाऱ्यानं खाटेखाली गेली होती.

जिन्याच्या वळणावर मी थांबले आणि पदराच्या टोकानं ते कुंकू पुसलं.

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पाहिलं नव्हतं. हात खंडेनवमीला चालले होते तसेच आपोआप चालले, असं मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगून पाहिलं. पण ते तसं नव्हतं. या वेळी मी आधी मागं वळून जिना पाहिला होता. घरी जाऊन पदर साबणानं चोळला तर हळदीचा डाग लालभडक झाला. पाण्यानं धुतला की पिवळा दिसे, साबण लागला की लाल. ते लुगडं मी कपाटाच्या तळाशी घातलं.

शनिवारी मॅडमनी मुलीच्या वडिलांना फोन केला. मी समोर फायली लावत होते. "तुमच्या मुलीनं लिहून दिलं होतं... हो, सही आहे... शेवटच्या वर्षाच्या मुलींचं नुकसान झालंय, त्यांचे पालक मला विचारतायत... मंगळवारपर्यंत खोली रिकामी करा." पलीकडून काय बोलले ऐकू आलं नाही. फार थोडं बोलले असावेत.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. मॅडमनी वर पाहिलं, "काय मावशी?" मी म्हटलं, "चहा सांगू?"

का नाही बोलले? कारणं पुष्कळ आहेत. माझी नोकरी कंत्राटावरची, दर वर्षी नव्यानं कागद होतो. जादा चावीनं खोली उघडली हे कळलं की चाव्या गेल्या आणि चाव्यांमागून मीही. घरी मी आणि माझा मुलगा, सून, त्यांच्यासमोर जाऊन काय सांगायचं, पूजा करायला गेले नि काढून टाकलं? हसू होईल. वर्कशॉपात बावीस वर्षांत माझ्या हातून एक चुकीचा पार्ट पुढे गेला नाही, ही माझी शेखी. असं सगळं. रविवारी मी सकाळपासून तीन वेळा जिने चढले आणि उतरले. चहा गार झाला, परत गरम केला, परत गार झाला. रजिस्टरात दोन मुलींच्या सह्या मी चुकीच्या तारखेला घेतल्या.

दुपारी कोपऱ्यातली आली. पाठीवर बॅग, हातात आईनं दिलेली धपाट्यांची पिशवी. घरून निघतानाच तिला कळलं होतं. सरळ माझ्या टेबलाशी आली.

"मावशी, मी बटण बंद करून गेले होते."

मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं.

"वायर निळ्यात होती. मी डोळे झाकून लावते ती वायर. मॅडम म्हणायल्यात की घाईत चुकली असशील. मी कशाला चुकू? तुम्हाला तरी पटतंय का?"

"पटतंय," मी म्हटलं.

"मग सांगा की त्यांना."

"सांगते."

तिनं धपाट्यांतली दोन काढून कागदात बांधून माझ्यापुढे ठेवली. नेहमी ठेवायची तशीच. मला ती खाता येईनात आणि टाकताही येईनात. सोमवारी सकाळी ती चाकणच्या बसला गेली, शेवटचा दिवस म्हणून. मी फाटकाशी उभी राहून पाहत होते. तिनं हात हलवला. आत येऊन मी मॅडमच्या दारापर्यंत गेले, आत नेटवाल्या कंपनीचे कुणी साहेब बसले होते. परत आले. दुपारी गेले, मॅडम मीटिंगला होत्या. मीटिंग संपायची मी वाट पाहायला हवी होती. मला बरंच वाटलं की मीटिंग आहे. खरं ते सांगते.

मंगळवारी अकराच्या सुमाराला फाटकावरून वॉचमननं फोन केला, मुलीचे वडील आलेत. मी बाहेर गेले. बारीक माणूस, धुवट पांढरा शर्ट, बोटांच्या टोकांना वार्निशचा काळा रंग, जो कधीच जात नाही. काखेत दोन रिकामी पोती घडी करून धरलेली आणि एक सुतळीचं बंडल. सामान बांधायला.

"मावशी ना तुमी? लेकरू तुमचंच नाव घेतंय फोनवर सारखं," ते म्हणाले. "लई तरास झाला तुमाला तिच्यापायी. माफ करा."

त्यांनी मला माफ करा म्हटलं.

ती पोती पाहिली आणि मग मला पुढचं काही ठरवावं लागलं नाही. "चला," म्हटलं, "मॅडमकडे चला. पोती इथंच ठेवा." त्यांनी नाही ठेवली, काखेतच घेऊन आले. जिन्यावर पोरगी भेटली, तिलाही म्हटलं चल.

मॅडम फोनवर होत्या. मी त्यांचा फोन संपायची वाट पाहिली नाही. थांबले असते तर परत चहा विचारून बाहेर आले असते.

"मॅडम, तो डबा मी उलटा जोडला."

त्यांनी फोन खाली ठेवला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चावी, तबक, कापूस लावलेली काडी, चार पिवळी आणि एक निळं, बटण. एका दमात सांगितलं आणि मग थांबले, कारण एक गोष्ट उरली होती.

"आणि डब्याला कुंकू होतं. शुक्रवारी ते मी पुसलं. पदरानं. कळू नये म्हणून."

मॅडमच्या टेबलावर तो डबा ठेवलेलाच होता. मुलीच्या वडिलांनी पोती खुर्चीवर ठेवली, डबा हातात घेतला, उलटा करून मागची भोकं डोळ्याजवळ नेऊन पाहिली.

"चार पिवळी अन् एक निळं," ते म्हणाले. "आन् सगळी एका मापाची? हे बनवनाऱ्यालाच आधी हॉस्टेलातनं काढाया पायजे."

मॅडमना हसू आलं, त्यांनी ते दाबलं. मग कडक आवाजात म्हणाल्या, "मावशी, हे हसण्यावारी न्यायचं नाहीये. तुम्ही चार दिवस गप्प बसलात."

"व्हय मॅडम." मी घाबरले की माझी आईकडची, मावळातली बोली बाहेर येते.

"लिहून द्या सगळं. आत्ता."

त्यांनी कोरा कागद दिला. मी आजवर मुलींचे फॉर्म तपासले, सह्या केल्या, पण स्वतःविरुद्ध अर्ज कधी लिहिला नव्हता. पाऊण तास लागला. 'पूजा' लिहिताना वाटलं, हे लिहू का नको, बहाणा वाटेल. मग लिहिलं, कारण झालं तेच होतं. मॅडमनी वाचला, एका ठिकाणी पेनानं तारीख घालायला लावली आणि फायलीत ठेवला. चाव्यांचा जुडगा मागितला. मी कमरेचा काढून दिला. त्या म्हणाल्या, नोकरीचं वर विचारून सांगते. ते सांगायला त्यांना पंधरा दिवस लागले. राहिली नोकरी, पण चाव्या आता त्यांच्या कपाटात असतात. शेवटच्या वर्षाच्या त्या मुलीला, जिची परीक्षा बुडाली होती, तिला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती फक्त "अच्छा" म्हणाली आणि दार लावलं. त्या कंपनीनं तिला दुसरी संधी दिली नाही. ते तसंच राहिलं.

कोपऱ्यातलीची खोली राहिली. वडील तासाभरानं परत निघाले. फाटकाशी मी त्यांना म्हटलं, "भाऊ, जेवून जा." ते म्हणाले, "बशीला उशीर हुईल." पोती परत काखेत. मग थांबून म्हणाले, "आमीबी खंडेनवमीला मोटारी पुसतो. पर जोडताना लेकरू समोर आसतंय. तिला इचारून जोडतो." एवढंच म्हणून गेले. रागानं म्हणाले की कसं, मला आजही कळलेलं नाही.

पोरगी मात्र माझ्याशी बोलेना. रजिस्टरात सही करायची, पेन ठेवायची, जायची. मावशी म्हणणं बंद. धपाटे बंद. मी तिच्यासाठी एकदा थालीपीठ करून नेलं, तर "भूक नाही" म्हणून परत केलं. सकाळी साडेसहाला ती फाटकातून गेली की मी तिच्या पाठीकडे पाहत राहायचे. हात हलवायची नाही. तीन आठवडे असे गेले आणि मला सगळ्यात जास्त ते जड गेले. नोकरी जाईल तर जाईल असं वाटायला लागलं होतं, पण हिनं एकदा भांडावं तरी.

मग डबा परत लावायची परवानगी मिळाली. नवी अट अशी की जोडताना हॉस्टेलचं माणूस हजर पाहिजे आणि त्यानं सही करायची. हॉस्टेलचं माणूस म्हणजे मी. मॅडमनी चावी नाही दिली, मुलगीच दार उघडून उभी होती. मी उंबऱ्यावर थांबले.

"आत या," ती म्हणाली.

डबा टेबलावर. भिंतीतून आलेली वायर मोकळी लोंबत होती. ती हात बांधून उभी राहिली.

"कुंकू का पुसलंत?"

वायर कुठं लावली, खोली का उघडली, यातलं काही तिनं विचारलं नाही. मी कारणं तयार ठेवली होती, नोकरी, कंत्राट, सून. एकही सांगितलं नाही.

"भ्याले गं."

"मी तुम्हाला रविवारी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात पटतंय."

"म्हटलं होतं."

"मॅडम काही म्हणोत. पण तुम्ही पटतंय म्हणून गप बसलात ना, ते मला..." तिनं वायर उचलून माझ्या हातात दिली. "लावा."

"मी? अगं तू लाव, मी सही करते."

"तुम्हीच काढली होती. तुम्हीच लावा."

निळं एका बाजूला होतं, एकटं. वायर घातली. खटकन बसली. पण आवाज पिवळ्यात घातली तेव्हाही असाच आला होता, म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती डब्याकडेच पाहत होती. मी वाकून परत पाहिलं, रंग बोट लावून तपासला, मगच करंटची पिन घातली आणि बटण दाबलं. खालून कुणी ओरडतंय का म्हणून आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. खालच्या मजल्यावर कुणीतरी मोठ्यानं गाणं लावलं होतं, ते चालूच राहिलं.

"सही करा," ती म्हणाली.

मी सही केली. ती कागद बघत म्हणाली, "तारीख राहिली, मावशी."